दिवसभर ओझी वाहणाऱ्या बाईनं पुन्हा वजनं का उचलायची?

जळगाव-धुळ्याकडे एखाद्या बाईला वजन उचलण्याच्या व्यायामाबद्दल विचारलं, की दोनपैकी एक उत्तर येतं. पहिलं, "ते पुरुषांचं काम." दुसरं, "दिवसभर ओझीच तर वाहतो आम्ही, आणखी कुठली वजनं उचलायची?"

पहिल्या उत्तरात दम नाही, ते पुढे पाहूच. दुसरा प्रश्न मात्र अगदी रास्त आहे. पाण्यानं भरलेला हंडा सहज १२ ते १५ किलोचा होतो. त्यात गिरणीवर न्यायचा दळणाचा डबा, कपाशीच्या शेतात वेचलेल्या कापसाचं गाठोडं, चाऱ्याचा भारा आणि कडेवरचं पोर धरा. महिलांच्या वेटलिफ्टिंग स्पर्धेत वापरतात तो रिकामा बार १५ किलोचा असतो. म्हणजे तेवढं वजन खान्देशातल्या कितीतरी बायका सकाळच्या चहाआधीच उचलून मोकळ्या होतात.

मग एवढं करूनही पन्नाशीच्या आतच गुडघे का धरतात? कंबर का जाते? एसटीची पहिली पायरी चढताना दांडा घट्ट का पकडावा लागतो?

ओझं आणि व्यायाम यांत फरक काय?

स्नायू आणि हाडं बळकट व्हायला तीन गोष्टी लागतात. वजन हळूहळू वाढत जायला हवं, दोन वेळांमध्ये विश्रांती हवी आणि भरपाईसाठी पुरेसं अन्न हवं.

घरकामात आणि शेतात या तिन्ही गोष्टी क्वचितच जुळतात. हंडा वीस वर्षं तेवढाच असतो. पहिल्या काही महिन्यांत शरीर त्याला सरावतं आणि मग ताकद वाढायची थांबते. कापूस वेचताना तासन् तास कमरेत वाकून राहावं लागतं. त्यात पाठीवर ताण येतो, पण मांड्या, खांदे आणि पाठीचे सगळे स्नायू पूर्ण हालचालीतून जात नाहीत. कंबर दुखते म्हणून दोन दिवस पाणी भरायचं थांबत नाही. आणि जेवण? सगळ्यांचं झाल्यावर जे उरेल ते.

व्यायामात नेमकं उलटं असतं. किती वजन, किती वेळा आणि कधी थांबायचं, हे आपण ठरवतो. त्यामुळे तेच १५ किलो एका ठिकाणी झीज करतात आणि दुसऱ्या ठिकाणी ताकद देतात.

याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे मीराबाई चानू. मणिपूरमधल्या आपल्या गावी ती लहानपणी सरपणाच्या मोळ्या वाहायची. अंगात बळ होतंच, पण पुढे प्रशिक्षण मिळालं, आहार मिळाला. टोकियो ऑलिंपिकमध्ये २४ जुलै २०२१ रोजी तिनं ४९ किलो गटात एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक जिंकलं.

हे आपल्याकडे होतं का?

होतं, आणि फार लांबही नाही. चाळीसगावहून मुंबईकडे निघालं की पुढचं मोठं जंक्शन मनमाड. जिल्हा नाशिक असला, तरी धुळे-जळगावकरांना हे गाव शेजारचंच. इथल्या आकांक्षा व्यवहारे हिनं २०२२ मध्ये मेक्सिकोतल्या लिऑन इथं झालेल्या जागतिक युवा वेटलिफ्टिंग स्पर्धेत ४० किलो गटात रौप्यपदक मिळवलं. स्नॅचमध्ये ५९ आणि क्लीन अँड जर्कमध्ये ६८, असे एकूण १२७ किलो. चाळीस किलोच्या आत वजन असलेल्या मुलीनं स्वतःच्या दीडपटीहून जास्त वजन डोक्यावर तोललं.

"पुरुषांचं काम" या समजुतीला इतिहासही कारण आहे. पुरुषांचं वेटलिफ्टिंग १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून होतं, महिलांना मात्र २००० सालापर्यंत थांबावं लागलं. त्याच वर्षी सिडनीत कर्णम मल्लेश्वरीनं ६९ किलो गटात कांस्यपदक पटकावलं. ऑलिंपिक पदक जिंकणारी ती पहिली भारतीय महिला.

अर्थात आपल्याला पदकासाठी वजनं उचलायची नाहीत. फायदा वेगळाच आहे.

शरीराला काय मिळतं?

हाडं : साधारण तिशीपर्यंत हाडांची घनता वाढते, नंतर हळूहळू घटते. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते. त्यानंतर इस्ट्रोजेन कमी झाल्यानं ही घट वेगानं होते. हाडांवर योग्य ताण आला की नवं हाड तयार करणाऱ्या पेशी कामाला लागतात. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठानं २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाळी थांबलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ स्त्रिया त्यात होत्या. एका गटानं आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली जड वजनं उचलली. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची १.२ टक्के घटली.

स्नायू : व्यायाम नसेल तर तिशीनंतर दर दहा वर्षांत ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात. हे वजनकाट्यावर दिसत नाही, कारण त्या जागी चरबी येते. दिसतं ते जमिनीवरून उठताना. म्हातारपणी न्हाणीघरात पाय घसरला, तर तोल सावरणारे स्नायू हेच. खुब्याचं हाड मोडलं की अनेक वृद्ध स्त्रिया पुन्हा पूर्वीसारख्या चालू शकत नाहीत. म्हणून हा मुद्दा दिसण्याचा कमी आणि स्वतःच्या पायांवर राहण्याचा जास्त आहे.

साखर : जेवणानंतर रक्तातली साखर सर्वात जास्त शोषून घेतात ते स्नायू. ते काम करते राहिले की इन्सुलिनचा परिणाम सुधारतो. मधुमेह, किंवा घरात मधुमेह असलेल्यांसाठी हे महत्त्वाचं. पीसीओएस असलेल्या मुलींनाही याच कारणानं फायदा होऊ शकतो.

गुडघे : मांडीचे पुढचे स्नायू बळकट असतील तर गुडघ्यावरचा ताण कमी होतो. दुखतं म्हणून हालचालच बंद केली, तर दुखणं वाढतं.

काही हमखास शंका

*अंग पुरुषी होईल का?* नाही. स्नायू फुगण्यात टेस्टोस्टेरॉनचा मोठा वाटा असतो आणि स्त्रियांमध्ये ते पुरुषांच्या तुलनेत कित्येक पटींनी कमी असतं. शरीरसौष्ठव स्पर्धेतल्या स्त्रियांचं अंग वर्षानुवर्षांच्या खास मेहनतीचं असतं, चुकून कुणाचं तसं होत नाही.

*गर्भाशय खाली सरकेल का?* निरोगी बाईनं योग्य पद्धतीनं, टप्प्याटप्प्यानं वजन उचलल्यानं असं होतं, याला आधार नाही. मात्र अंग बाहेर येत असेल, खोकताना लघवी सुटत असेल किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

*पाळीत चालेल का?* बरं वाटत असेल तर चालेल. दुखत असेल तर वजन कमी करा किंवा विश्रांती घ्या.

*सोडलं तर स्नायूंची चरबी होईल का?* दोन्ही वेगळ्या पेशी आहेत, एकाची दुसरी होत नाही. व्यायाम थांबला आणि खाणं तेवढंच राहिलं, तर वजन वाढतं इतकंच.

सुरुवात कशी करायची?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवते. सोमवार आणि गुरुवार, असे मध्ये अंतर ठेवून दोन दिवस पुरेत. पाच हालचाली शिका :

१. खुर्चीवर बसून उठणं, पुढे हातात वजन घेऊन बैठक.
२. पाठ सरळ ठेवून, खुब्यातून वाकून जमिनीवरचं वजन उचलणं.
३. खांद्यापासून डोक्यावर वजन ढकलणं.
४. पुढे वाकून वजन पोटाकडे ओढणं.
५. दोन्ही हातांत सारखं वजन घेऊन चालणं.

प्रत्येक हालचाल ८ ते १२ वेळा, अशा दोन फेऱ्या करा. शेवटी आणखी दोनदा जमलं असतं असं वाटलं, तर वजन बरोबर आहे. बारा वेळा सहज व्हायला लागलं की किलो-दोन किलो वाढवा. श्वास कोंडून धरू नका, उचलताना सोडा.

जिम लांब असेल तर अडत नाही. एक लिटरची भरलेली बाटली म्हणजे एक किलो. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन पाण्यानं भरला की पाच किलो. पोरांच्या दप्तरात डाळ-तांदळाच्या पिशव्या भरल्या की वजन हवं तसं वाढवता येतं. जड वजनाकडे वळण्याआधी मात्र जाणत्या प्रशिक्षकाकडून पद्धत शिकून घ्या.

आणि आपल्या भागाचा उन्हाळा विसरू नका. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत पहाटे किंवा अंधार पडल्यावरच व्यायाम करा. पाणी आणि मीठ घातलेलं ताक जवळ ठेवा.

ताटात काय हवं?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. व्यायाम करणारीला त्याहून थोडी जास्त. त्यासाठी महागडे डबे आणायची गरज नाही. शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत २२ ते २४ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत ७ ग्रॅमच्या आसपास आणि एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं असतात.

आपली कळण्याची भाकरी यात हुशार निघाली. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि उडदात भरपूर. दोन्ही एकत्र दळले की एकमेकांची उणीव भरून निघते. सोबत वाटीभर घट्ट वरण आणि दही घेतलं की उत्तमच.

रक्ताकडेही पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर दम लागणं हा आळस नसतो. आधी उपचार घ्या. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते.

डॉक्टरांना आधी कुणी विचारावं?

अनियंत्रित रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, मणक्याचं जुनं फ्रॅक्चर असलेल्यांनी आणि गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांनी. व्यायाम करताना छातीत दुखलं, चक्कर आली किंवा सांध्यात कळ आली, तर तिथेच थांबा.

आजच करून पाहण्यासारखी चाचणी

घरात साठीच्या आसपासची आई, सासू किंवा मावशी असेल, तर भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसवा. हात छातीवर दुमडायला सांगा आणि ३० सेकंदांत ती किती वेळा पूर्ण उभी राहते ते मोजा. तोल गेला तर सावरायला शेजारी उभे राहा. साठ ते चौसष्ट वयाच्या स्त्रीला १२ पेक्षा कमी वेळा जमलं, तर पडण्याचा धोका जास्त मानतात. आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा, आठवड्यातून दोनदा व्यायाम सुरू करा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.