खडकी, मॉनिटर आणि मुलांचं मंत्रिमंडळ

जूनमध्ये शाळा भरल्या की महाराष्ट्रातल्या असंख्य प्राथमिक शाळांत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक लागते. चौथीची मुलं वर्गावर्गांत प्रचार करतात, वहीच्या पानाच्या मतपत्रिका होतात, हल्ली गुरुजींच्या मोबाइलवर मतदानयंत्रासारखं ॲपही असतं आणि मत पडलं की त्याचा तो लांबलचक ‘बीप’ वाजतो. बोटाला शाई लागते, निकाल लागतो, मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री, शिस्तमंत्री परिपाठाच्या वेळी शपथ घेतात, फोटो निघतात. दुसऱ्या दिवसापासून आरोग्यमंत्री मुलांची नखं बघत फिरतो, स्वच्छतामंत्री मैदानातले कागद वेचून घेतो आणि शिस्तमंत्री रांगेत बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो. शाळेच्या कारभाराबद्दल या मंत्र्यांचं काय म्हणणं आहे, हे मात्र पुढच्या जूनपर्यंत बहुधा कुणी विचारत नाही. यात कुणाचा खोटेपणा आहे असं मला वाटत नाही. बहुतेक शिक्षक हा उपक्रम मनापासून करतात. पण मुलांच्या हाती आपण मत देतो आणि म्हणणं मांडायची जागा देत नाही, ही गोष्ट आपल्याकडे आली कुठून, हे बघायला हवं. तिचा माग काढायला पुण्याजवळची खडकी ही चांगली जागा आहे. इथे मत असणं आणि ऐकलं जाणं यांतलं अंतर मोठ्या माणसांनीही पिढ्यान्‌पिढ्या अनुभवलेलं आहे.

5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीच्या माळावर पेशव्यांचा पराभव झाला आणि त्या पराभवातूनच पुढे इथली छावणी उभी राहिली. त्या दिवशी इंग्रजांच्या बाजूने पुण्याचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता. संगमावरचा त्याचा बंगला त्याच दिवशी जळला. हाच एल्फिन्स्टन दोन वर्षांनी मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला आणि 1823 च्या टिपणात त्याने देशी शाळा वाढवाव्यात, शिकवण्याची रीत सुधारावी आणि पुस्तकं पुरवावीत असा आग्रह धरला. त्याच्या कारकिर्दीत इलाख्यात नव्या शाळा निघाल्या आणि त्यांच्याबरोबर इंग्लंडात गाजत असलेली मॉनिटरची पद्धत आली. या पद्धतीचा प्रवास गमतीचा आहे. अँड्र्यू बेल या पाद्र्याने ती मद्रासमध्ये, गोऱ्या सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी काढलेल्या आश्रमात बसवली आणि 1797 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. मोठ्या मुलाने धाकट्यांना शिकवायचं आणि वाळूवर अक्षरं गिरवायची, हे त्याने इथल्याच गावठी शाळांत पाहिलं होतं. तिकडे जोसेफ लँकेस्टरने तशीच पद्धत चालवली, दोघांच्या अनुयायांत श्रेयावरून भांडणं झाली आणि आपलीच रीत कवायतीचा पोशाख घालून समुद्रापलीकडून आपल्याकडे परत आली. तिचा मोठा गुण स्वस्ताई. एक मास्तर शेकडो मुलं सांभाळू शके, कारण मधल्या पायरीवर मॉनिटर होते. पण मॉनिटर वर्गाच्या वतीने वर बोलत नसे, वरून आलेला हुकूम खाली पोचवत असे. तो पंतोजींचा हवालदार होता. पोशाख बदलला, पद बदललं, तरी आजच्या शिस्तमंत्र्याच्या हातातला खडू मला तिथूनच आलेला दिसतो.

मुलं बोलतात आणि मोठी माणसं ऐकतात, याचा पुण्यातला जुना पुरावा खडकीच्या जवळच, पण छावणीबाहेर आहे. 1855 साली फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शिकायला लागून तिला जेमतेम तीन वर्षं झाली होती. आपल्या जातीच्या माणसांवर काय गुदरलं, हे तिने थेट लिहिलं आणि संपादकाने ते छापलं. मेजर कँडी यांनी खाऊ दिला तेव्हा तिने खाऊ नको, ग्रंथालय द्या असं सांगितलं, ही आख्यायिकाही वारंवार सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, निबंध तर समोर आहे. त्या शाळेत मंत्रिमंडळ नव्हतं, मतपेटी नव्हती. मुलीने लिहिलं ते दडवायचं नाही, एवढं शिक्षकांनी ठरवलेलं होतं. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण मुलांच्या आवाजाची गोष्ट निवडणुकीपासून सुरू करायची आपल्याला सवय झाली आहे.

निवडणूक आली ती वर्ध्याहून. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने तिथे शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समितीने डिसेंबरात अहवाल दिला आणि नयी तालीमची आखणी झाली. हाताच्या उद्योगातून शिक्षण हे तिचं सर्वांना ठाऊक असलेलं अंग. शाळा ही मुलांनी मिळून चालवायची वस्ती आहे, हे तितकंच महत्त्वाचं अंग मात्र लवकर विसरलं गेलं. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम यांच्या देखरेखीखाली मुलं आपल्या सभेत मंत्री निवडत: स्वयंपाकाचा, सफाईचा, आरोग्याचा. मंत्र्याला काम करावं लागे आणि सभेपुढे त्या कामाचा हिशेबही द्यावा लागे. धान्य किती आलं, किती शिजलं, भाजी कमी का पडली, हे प्रश्न मुलं एकमेकांना विचारत. तिथे मुलांच्या सभेला वजन होतं, कारण खरोखरची चूल, खरोखरचं सूत आणि खरोखरचा हिशेब तिच्याकडे होता. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने मुंबई इलाख्यात मूलोद्योगी शाळा काढल्या, स्वातंत्र्यानंतर त्या वाढल्याही. पुढे टकळ्या अडगळीत गेल्या, शेतीचे वाफे सुकले, उद्योगाचा तास वेळापत्रकात नावापुरता उरला. मंत्रिमंडळ तेवढं टिकलं, कारण त्याला खर्च नव्हता. माझ्या मते इथेच अदलाबदल झाली: सेवाग्रामच्या सभेचं नाव राहिलं आणि तिच्या पोटात मॉनिटरचं काम भरलं गेलं. चूल गेली, नखं तपासणं उरलं.

आता पुन्हा खडकीकडे येऊ. 2011 च्या जनगणनेत सत्तर हजारांहून अधिक लोकवस्ती असलेल्या या गावाचा कारभार महापालिका नव्हे, कॅन्टोन्मेंट बोर्ड बघतं आणि इथल्या काही प्राथमिक शाळाही बोर्डाच्याच आहेत. 1924 च्या कायद्यापासून बोर्डात निवडून आलेले आणि पदसिद्ध वा नेमलेले असे दोन भाग राहिले. 2006 च्या कायद्याने एवढ्या मोठ्या छावणीला आठ निवडून आलेले सदस्य दिले, पण समोर आठ अधिकारीही बसवले आणि अध्यक्षपद लष्करी अधिकाऱ्याकडेच ठेवलं. म्हणजे खडकी बाजारातला मतदार आपला सदस्य निवडून देतो, तो सदस्य प्रश्न विचारू शकतो, अडवू मात्र शकत नाही. जानेवारी 2015 मध्ये निवडलेल्या बोर्डाची मुदत वाढवत वाढवत फेब्रुवारी 2021 मध्ये संपली आणि कारभार नियुक्त मंडळाकडे गेला. 30 एप्रिल 2023 ही पुढच्या निवडणुकीची तारीख जाहीर झाली आणि मार्चमध्येच ती निवडणूक रद्द झाली. दरम्यान नागरी भाग महापालिकेत घालायची चर्चा सुरू झाली. त्या काळात बोर्डाच्या शाळेतल्या एखाद्या मुलाने वर्गात मत टाकलं असेल, तर आपल्या गल्लीपुरतं मत टाकायला त्याच्या आईबापांना मतपेटीच नव्हती. या विसंगतीवर हसून पुढे जाता येईल. पण तिने एक गोष्ट लख्ख दिसते: निवडणूक हा प्रतिनिधित्वाचा सर्वांत दिखाऊ भाग आहे, आणि मोठ्यांच्या बाबतीतही सर्वांत सहज काढून घेता येणारा.

खडकीचा दुसरा अनुभव याच्या उलट सांगतो आणि तो मला अधिक उपयोगी वाटतो. इथला दारूगोळा कारखाना 1869 पासूनचा. संरक्षण खात्यातल्या कामगारांच्या महासंघाचं कार्यालय खडकीतच आहे आणि त्या इमारतीला एस. एम. जोशींचं नाव आहे. राष्ट्र सेवा दलाच्या उभारणीत ज्यांची हयात गेली, त्याच एसेमनी या कामगारांचं नेतृत्वही केलं. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात वर्क्स कमिटीची तरतूद केली, आणि तीत कामगारांचे प्रतिनिधी मालकांच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असू नयेत असं घातलं. या कमिटीने काय बघावं याची यादी 1959 च्या भारतीय श्रम परिषदेत ठरली. पगार आणि बोनस वगळले. उरलं काय? उजेड, हवा, पिण्याचं पाणी, कँटीन, शौचालयं, अपघात टाळण्याचे उपाय. पुढाऱ्यांनी तेव्हा या यादीला नाकं मुरडली आणि अनेक कारखान्यांत या कमिट्या कागदावरच राहिल्या. तरी जिथे त्या चालल्या तिथे एक पायंडा पडला. विषय लहान असला तरी त्याची नोंद इतिवृत्तात होते आणि पुढच्या बैठकीत त्याचं काय झालं हे सांगावं लागतं. तीच यादी प्राथमिक शाळेला लावून बघा. पाण्याच्या टाकीचं झाकण, मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी, करपलेली खिचडी, गळका वर्ग, मैदानावर मोठ्या मुलांची दांडगाई. यांतल्या कुठल्या विषयात आठ वर्षांच्या मुलाला मुख्याध्यापकांपेक्षा कमी माहिती असते? खिचडी रोज तोच खातो.

मुलांना एवढं काय कळतं, हा पहिला आक्षेप इथेच बराचसा निकालात निघतो. अभ्यासक्रम काय असावा हे त्यांना विचारा असं कुणी म्हणत नाही. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: निवडणुका आल्या की राजकारण येतं. महाराष्ट्राने हे महाविद्यालयांत पाहिलं. 1989 मध्ये मुंबईत एका विद्यार्थ्याचा खून झाला, त्यानंतर खुल्या निवडणुका थांबल्या आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेच्या जोरावर प्रतिनिधी नेमण्याची रीत आणली. म्हणजे पुन्हा मॉनिटरच, फक्त टक्केवारीवर निवडलेला. भीती खोटी नव्हती. पण त्यावरचा तो इलाज आवाजाच्या बाबतीत निरुपयोगी ठरला, कारण पहिला आलेला मुलगा वसतिगृहातल्या मुलांचं दुःख मांडेलच असं नाही. प्राथमिक शाळेत तर मतदानाचा अट्टहास नसला तरी चालेल. दर महिन्याला वर्गातली दोन मुलं पाळीने सभेत बसली, तर प्रचार नाही, हार नाही आणि दरवेळी तीच चुणचुणीत, स्वच्छ कपड्यातली मुलं निवडून येण्याचा घोळही नाही. तिसरा आक्षेप शिक्षकांच्या मानाचा. वॉर्साच्या अनाथाश्रमात यानुश कोरचाक यांनी मुलांचं न्यायालय चालवलं, अर्ध्या वर्षात ते स्वतः त्यापुढे पाच वेळा उभे राहिले, आणि तसं उभं राहिल्यामुळेच आपण घडलो असं त्यांनी लिहून ठेवलं. मुलांपुढे उत्तर देण्याने त्यांचा अधिकार कमी झाला, असं त्यांना मुळीच वाटलं नाही. चौथा आक्षेप मात्र मला मान्य आहे. मतदारयाद्या, जनगणना, सर्वेक्षणं आणि ऑनलाइन माहिती भरण्यात शिक्षकाचा दिवस जातो, त्यात आणखी एक समिती कशाला? म्हणूनच नवी समिती नको. आहे तीच वापरावी.

तशी समिती आहे. मुलांशी संबंधित बाबींत त्यांचं मत ऐकलं जावं असं सांगणाऱ्या बालहक्क संहितेवर 1992 मध्ये भारताने शिक्कामोर्तब केलं. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 21 ने शासकीय, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आणली. तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. केंद्राने 2010 मध्ये जे नमुना नियम केले, त्यांत उरलेल्या जागांपैकी काही ‘स्थानिक शिक्षणतज्ज्ञ किंवा शाळेतली मुलं’ यांच्यासाठी ठेवल्या आणि निवड पालकांवर सोपवली. शिक्षणतज्ज्ञ आणि शाळकरी मूल एकाच खुर्चीचे उमेदवार! तज्ज्ञाला चहा देता येतो आणि मुलाला फार तर बिस्किट, तेव्हा खुर्ची कुणाला मिळत असेल हे सांगायला नको. तरीही ती मिळाली नाही म्हणून अडत नाही. सीमेपलीकडे कर्नाटकात, बेळगावच्या मराठी मुलखासह, ग्रामपंचायती मुलांच्या ग्रामसभा भरवतात. मुलं तिथे सदस्य नसतात, विचारणारी असतात, आणि पंचायतीचे लोक ऐकायला समोर बसलेले असतात. सगळीकडे ते नीट चालतं असं नाही, पण मांडणी बरोबर आहे.

खडकीच्या बोर्डाच्या शाळांनी ही सुरुवात करायला हरकत नाही. त्या उद्या महापालिकेकडे गेल्या तरी काही बिघडत नाही. मंत्रिमंडळ ठेवा, शपथाही ठेवा, मुलांना त्यात मजा येते. फक्त मुलांच्या मासिक सभेची एक वही असू द्या. व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पहिला विषय म्हणून ती वाचली जावी आणि प्रत्येक मागणीखाली ‘होईल’, ‘होणार नाही’ किंवा ‘कारण असं’ हे महिन्याच्या आत लिहून मुख्याध्यापकांनी सही करावी. नाही म्हटलं तरी चालेल, पण लिहून म्हणावं. याला ना नवा कायदा लागतो, ना अनुदान. पालकांनी पुढच्या बैठकीला जाताना एवढंच विचारावं: मुलांची वही कुठे आहे?