संवादाचे शिक्षण, परिवर्तनाची वाट

संस्थेत नवी कार्यपद्धती आणायची असो वा समाजातील जुनी समजूत दूर करायची असो, परिपत्रक काढले, सभा घेतली, भित्तिपत्रके लावली की काम झाले, असा समज सर्वत्र आढळतो. माहिती पोहोचूनही माणसे का बदलत नाहीत आणि ती कशाने बदलतात, याचा पद्धतशीर अभ्यास संवादशास्त्रात केला जातो. पत्रकारिता वा जाहिरात यांपलीकडे पाहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना या विषयातील 'विकास संवाद' आणि 'संघटनात्मक संवाद' या दोन शाखांचा विचार करता येईल.

महाराष्ट्रातील प्रयोग

'विकास संवाद' ही संज्ञा फिलिपिन्समधील लॉस बान्योस येथे नोरा केब्राल यांनी १९७१ मध्ये मांडली. मात्र त्यामागील विचाराची कसोटी त्याआधीच महाराष्ट्रात लागली होती. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पुणे, नगर, नाशिक, कोल्हापूर व उत्तर सातारा या जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन केली. कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि मग कृती करायची, असा क्रम होता. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी त्याचे मूल्यमापन केले. नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा चर्चामंडळे असलेल्या गावांत ज्ञानात कितीतरी अधिक भर पडल्याचे त्यातून दिसून आले.

पोलिओचा धडा

पोलिओ निर्मूलन मोहिमेत उत्तर प्रदेशातील काही वस्त्यांत डोसामुळे वंध्यत्व येते, अशी अफवा होती. केवळ जाहिरातींनी ती हटली नाही. युनिसेफच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या जाळ्यातील स्थानिक कार्यकर्त्या घरोघर गेल्या, त्यांनी शंका ऐकून घेतल्या, धर्मगुरूंना व स्थानिक डॉक्टरांना सोबत घेतले. सुधारित लशीबरोबरच या कामाचाही यशात वाटा होता. देशातील अखेरचा नैसर्गिक पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

संस्थांतर्गत बदल

कार्यालये आणि कारखान्यांतही हेच सूत्र लागू पडते. कर्ट लेविन यांच्या विचारानुसार जुनी घडी सैल करणे, बदल करणे आणि नवी घडी पक्की करणे, असे बदलाचे तीन टप्पे मानले जातात. जॉन कॉटर यांनी १९९६ मधील 'लीडिंग चेंज' या ग्रंथात बदलाचे उद्दिष्ट कर्मचाऱ्यांपर्यंत पुरेसे न पोहोचवणे ही मोठी चूक ठरवली आहे. नवी संगणक प्रणाली आली की नोकरी जाईल, ही कर्मचाऱ्याची भीती ऐकून न घेता दिलेले प्रशिक्षण वाया जाते.

काय शिकवतात?

संवादाचे सिद्धान्त, श्रोतृवर्गाचा अभ्यास, संशोधनपद्धती, संदेशाची रचना व पूर्वचाचणी, लोकसहभागाच्या पद्धती, मोहिमेचे नियोजन आणि मूल्यमापन हे प्रमुख विषय होत. वस्तीत वा खेड्यात जाऊन करावयाचे क्षेत्रकार्य हा या शिक्षणाचा कणा मानला जातो.

कुठे शिकाल?

दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामियातील जनसंवाद केंद्रात विकास संवादाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात विस्तार व संवाद या विषयाचे अध्यापन होते. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत माध्यम व संस्कृती अध्ययनाचा विभाग आहे, तर व्यवस्थापकीय संवादासाठी अहमदाबादची 'मायका' ही संस्था परिचित आहे. प्रवेशाचे नियम व शुल्क दरवर्षी संस्थेकडून तपासून घ्यावेत.

पदवीनंतर स्वयंसेवी संस्था, आरोग्य व पाणीपुरवठ्याच्या योजना, सामुदायिक रेडिओ, तसेच कंपन्यांचे मनुष्यबळ आणि सामाजिक दायित्व विभाग यांत काम मिळू शकते. अभ्यासक्रम निवडताना क्षेत्रकार्य किती आठवड्यांचे आहे आणि मूल्यमापन प्रत्यक्ष शिकवले जाते का, हे दोन प्रश्न विद्यार्थ्यांनी आवर्जून विचारावेत. ज्या अभ्यासक्रमात केवळ कॅमेरा आणि संकलन शिकवले जाते, तेथे माध्यम हाताळता येईल. परंतु लोकांचे म्हणणे समजून घेण्याची सवय तेथे लागेलच, असे नाही.