२०४० चा प्रिंटआउट आणि मुठेची निळी रेषा

यूट्यूबवर एक जुनी कृष्णधवल क्लिप आहे. ऑस्ट्रेलियाच्या एबीसी वाहिनीने ती नोव्हेंबर १९७३ मध्ये दाखवली होती. विषय असा की देशातल्या सगळ्यात मोठ्या कॉम्प्युटरला जगाचं भविष्य विचारलंय, आणि तो प्रिंटरवर टकटक करत उत्तर देतोय. लोकसंख्येची रेषा वर चढते, प्रदूषणाची चढते, साधनसंपत्तीची खाली येते. निवेदक अगदी शांतपणे सांगतो की २०२० च्या सुमारास परिस्थिती फारच गंभीर होईल आणि २०४० ते २०५० च्या दरम्यान, आज आपण जिला सुसंस्कृत जीवन म्हणतो ते संपेल.

ही क्लिप २०१८ मध्ये पुन्हा वर आली आणि लॉकडाऊनमध्ये तर विचारूच नका. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर तिघांनी वेगवेगळी टाकली. प्रतिक्रिया साधारण तीन प्रकारच्या. "बघा, २०२० बरोबर आलं की नाही!", "मग होमलोन कशाला फेडायचं?", आणि सगळ्यात जास्त म्हणजे हसून डोळ्यांत पाणी आलेला पिवळा चेहरा. दहा मिनिटांनी कोणीतरी घरी केलेल्या मिसळीचा फोटो टाकला आणि मानवजातीचा विषय संपला.

मला क्लिपपेक्षा या मिसळीत जास्त रस आहे. म्हणजे, जगबुडीचा कार्यक्रम बघून लोक नक्की काय करतात?

आधी त्या कॉम्प्युटरबद्दल थोडं, कारण आपल्या धंद्यातला विषय आहे. जे फॉरेस्टर हा एमआयटीमधला माणूस मॅग्नेटिक कोअर मेमरीच्या जनकांपैकी एक. त्याने पुढे सबंध जगाचं मॉडेल लिहायला घेतलं. त्यावरून डोनेला आणि डेनिस मेडोज व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'वर्ल्ड-३' तयार केलं आणि १९७२ मध्ये क्लब ऑफ रोमसाठी 'द लिमिट्स टू ग्रोथ' हे पुस्तक काढलं. एबीसीवरचा प्रोग्रॅम याच घराण्यातला. लोकसंख्या, अन्न, उद्योग, प्रदूषण, साधनसंपत्ती या पाच गोष्टी एकमेकींना कशा ढकलतात किंवा ओढतात याची ती समीकरणं. आज वर्ल्ड-३ पायथनमध्ये मिळतं आणि लॅपटॉपवर डोळ्याची पापणी लवायच्या आत चालतं. एका शनिवारी चालवून पाहिलं. साधनसंपत्ती दुप्पट धरा, जग थोडं पुढे जातं आणि मग प्रदूषणाने कोसळतं. पुस्तकातही हेच लिहिलंय. मुद्दा 'अमुक तारखेला प्रलय' असा नव्हताच. 'नुसता एक आकडा बदलून सुटका नाही' असा होता. टीव्हीने त्यातून तारीख उचलली. टीव्हीला तारीख लागते.

पण त्या मॉडेलमध्ये एक गोष्ट नाही. त्यात देश नाहीत, जिल्हे नाहीत, तालुके नाहीत. सगळं जग म्हणजे एकच डबकं. आणि नेमकं त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं ते आठवा.

१९७२. महाराष्ट्रातला तो दुष्काळ. आजी-आजोबा 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणतात तेव्हा दुसरं काही सांगावं लागत नाही. अमेरिकेत तेव्हा भारताचं मरण जवळपास ठरवूनच टाकलं होतं. पॅडॉक बंधूंचं 'फॅमिन - १९७५!' १९६७ मध्ये आलं. त्यात भारताला 'वाचवण्यात अर्थ नाही' अशा देशांत बसवलं होतं. पॉल अर्लिकचं 'द पॉप्युलेशन बॉम्ब' १९६८ चं, त्याची सुरुवातच दिल्लीतल्या एका टॅक्सीतून दिसणाऱ्या गर्दीने होते. म्हणजे पाश्चात्त्य प्रेक्षकाला भविष्यातला विनाश दाखवायचा झाला की कॅमेरा आपल्याकडे वळायचा. आपण त्या डॉक्युमेंटरीचे प्रेक्षक नव्हतो हो, आपण त्यातलं दृश्य होतो!

आपल्याकडे टीव्ही म्हणजे मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, ऐन दुष्काळात. सिंहगडावर टॉवर उभा राहून पुण्यात चित्र दिसायला लागलं ते त्यानंतर. तेव्हा टीव्हीवर विनाश बघून घाबरायची सोय बहुतेकांना नव्हतीच. विनाश दारात होता. विहिरी आटलेल्या, जनावरं विकलेली, गावंच्या गावं खडी फोडायला गेलेली.

आणि लोकांची प्रतिक्रिया काय? काम मागणं. दुष्काळी कामं काढा, मजुरी वेळेवर द्या, धान्य द्या यासाठी मोर्चे आणि घेराव. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर. मे १९७३ मध्ये सरकारी दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, खडी. तिथे मिळणारी सुकडी आणि रेशनवरची मिलो ज्वारी यांची चव त्या पिढीच्या जिभेवरून अजून गेलेली नाही (आणि कोणी तिचं कौतुक केल्याचंही ऐकलेलं नाही). हातात मजुरी आली म्हणून धान्य विकत घेता आलं, आणि मागणी आहे म्हणून धान्य दुष्काळी भागाकडे येत राहिलं. हाल प्रचंड झाले, मजुरी तुटपुंजी होती, पण पुस्तकांत रंगवलेला लाखो भूकबळींचा दुष्काळ झाला नाही.

त्यातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना रुजली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, १९७९ पासून तो लागू झाला आणि २००५ मध्ये देशपातळीवरच्या कायद्याला तिचाच नमुना होता. आता जरा तुमची सॅलरी स्लिप उघडा. बेसिक, एचआरए, पीएफ... आणि खाली 'प्रोफेशन टॅक्स, २०० रुपये'. फेब्रुवारीत ३००. हा कर महाराष्ट्राने १९७५ मध्ये आणला तो रोजगार हमीला पैसे उभे करण्यासाठी. हिंजवडीत एसीत बसून कोड लिहिणाऱ्या माणसाच्या पगारातून दर महिन्याला बहात्तरच्या दुष्काळाचा हप्ता जातो आणि आपण त्याला 'ते किरकोळ डिडक्शन' म्हणतो. कोसळणाऱ्या निसर्गाला समाजाने दिलेली इतकी टिकाऊ प्रतिक्रिया मला तरी दुसरी माहीत नाही.

आता एकदम पुढे येऊ, केबलच्या काळात. इथे आपण खरे प्रेक्षक झालो. २००६ मध्ये अल गोरची 'अॅन इनकन्व्हिनियंट ट्रुथ' आली. २००७ मध्ये तिला ऑस्कर आणि त्याच वर्षी गोर आणि आयपीसीसीला मिळून नोबेल. २००८ मध्ये नॅशनल जिओग्राफिकवर 'सिक्स डिग्रीज कुड चेंज द वर्ल्ड', एकेक अंश तापमान वाढवत सहाव्या अंशाला सगळं संपवणारी. त्याच वर्षी हिस्टरी चॅनलवर 'लाइफ आफ्टर पीपल', म्हणजे माणूस नाहीसा झाल्यावर इमारतींचं काय होतं ते. ही तर लोक करमणूक म्हणून बघायचे. पुण्यातही २००६ पासून किर्लोस्कर वसुंधरा महोत्सव सुरू झाला, पर्यावरणाच्या फिल्म्स दाखवणारा. तिथला प्रेक्षक वेगळा, सिनेमा संपल्यावर थांबून प्रश्न विचारणारा. बाकी घरोघरी रविवारी दुपारी जेवणानंतर हिमनग कोसळायचे आणि सोफ्यावर डुलक्या चालायच्या.

डुलकी न लागलेला एकच प्रसंग आठवतो, तो पर्यावरणाचा नव्हता. १० सप्टेंबर २००८, जिनिव्हाजवळ लार्ज हेड्रॉन कोलायडर सुरू होणार होता. आपल्या न्यूज चॅनल्सनी आधीचे कित्येक दिवस 'पृथ्वीचा अंत' लावून धरला. मी तेव्हा शाळेत होतो आणि वर्गातली अर्धी मुलं खरोखर घाबरली होती. मध्य प्रदेशात एका शाळकरी मुलीने या बातम्यांनी घाबरून जीव दिल्याचं तेव्हा छापून आलं. या कोलायडरच्या कामात मुंबईच्या टीआयएफआरचे शास्त्रज्ञही होते, पण त्यांना विचारतो कोण! त्या भीतीत करण्यासारखं काहीच नव्हतं. ना कोणाकडे मोर्चा न्यायचा, ना कोणाला जाब विचारायचा. फक्त बघायचं आणि वाट पाहायची.

यावर अभ्यासही झालाय. सॅफ्रन ओनील आणि सोफी निकोल्सन-कोल यांनी २००९ मध्ये हवामानबदलाच्या चित्रांवर एक पेपर लिहिला. भयानक चित्रं लक्ष वेधून घेतात, पण बघणाऱ्याला विषय दूरचा आणि आपल्या आवाक्याबाहेरचा वाटायला लागतो, असं त्यांना दिसलं. जवळची, रोजच्या जगण्यातली चित्रं माणसाला जास्त सामील करून घेतात. शीर्षकातच त्यांनी सांगून टाकलंय की भीतीने काम होणार नाही.

'जवळची' म्हणजे किती जवळची? ऑक्टोबर २०१९ मध्ये क्लायमेट सेंट्रल संस्थेचा अभ्यास आला. त्यातल्या नकाशात २०५० पर्यंत मुंबईचा मोठा भाग धोक्यात दाखवला होता. चॅनल्सवर 'मुंबई बुडणार' सुरू. ऑगस्ट २०२१ मध्ये तर खुद्द महापालिका आयुक्तांनी जाहीर कार्यक्रमात सांगितलं की २०५० पर्यंत नरिमन पॉइंट, मंत्रालय वगैरे भागाचा ८० टक्के हिस्सा पाण्याखाली जाईल. हे डॉक्युमेंटरीचा निवेदक सांगत नव्हता, ज्यांच्या हातात कारभार आहे ते सांगत होते. दोन दिवस बातमी चालली. मंत्रालयाने सामान बांधायला घेतल्याचं काही ऐकिवात नाही. समुद्राला लागून कोस्टल रोडचं काम चालूच राहिलं, आणि मार्च २०२४ मध्ये त्याचा पहिला टप्पा खुला झाला. तेव्हा नुसता पत्ता जवळचा असून भागत नाही. सांगणाऱ्याला 'मग तुम्ही काय करताय?' असं विचारणारं कोणीतरी लागतं. बहात्तरमध्ये ते होते.

आता आपलं पुणं. आपल्याकडे भविष्याचं मॉडेल आहे आणि त्याला पार्श्वसंगीत नाही म्हणून ते कोणी बघत नाही. त्याचं नाव पूररेषा. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोहोंच्या मध्ये अटी घालून परवानगी. मुठेसाठी निळी रेषा ६० हजार क्युसेक आणि लाल १ लाख क्युसेक विसर्गाला धरलेली आहे. वर्ल्ड-३ पेक्षा कितीतरी साधं मॉडेल, आणि यात सर्व्हे नंबरही आहेत!

पाण्याचं भाकीत पुण्याला नवीन नाही. ११ जुलै १९६१ च्या रात्री पानशेतच्या बांधावर लष्कराचे जवान वाळूची पोती रचत होते. १२ तारखेला सकाळी धरण फुटलं, मग खडकवासलाही गेलं आणि दुपारपर्यंत पेठांमध्ये पाणी होतं. त्या दिवसाच्या आठवणी ज्या कोणाकडून ऐकाल, त्यात एक गोष्ट हमखास येते. लोक पूर बघायला पुलांवर जमले होते. धरण फुटेल यावर विश्वासच बसत नव्हता. नंतर गोखलेनगर, सहकारनगरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या आणि नदीकाठ काही वर्षं भीतीचा राहिला. मग भीती वाळली आणि प्लॉट पडले.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून साधारण ३५ हजार क्युसेक पाणी सोडलं गेलं. सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत पार्किंग, तळमजले, घरं पाण्याखाली. लष्कर बोलवावं लागलं. डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना विजेच्या धक्क्याने तिघे गेले. ३५ हजार म्हणजे निळ्या रेषेच्या आकड्याच्या निम्म्याहून जरा जास्त. मॉडेल आणि वास्तव एवढं का फसकलं? नदीप्रेमी मंडळी कित्येक वर्षं सांगतायत की पात्रात राडारोडा पडला, काठ आत सरकले, नाले बुजले. म्हणजे फॉर्म्युला तोच, पण इनपुट जुनं. प्रॉडक्शनवर असं काही झालं तर आपण रात्री दोनला बग टाकतो आणि सकाळी मीटिंग लावतो. इथे रेषा नकाशावर तशीच.

तरी पाणी ओसरल्यावर एकतानगरीचे लोक ज्या प्रश्नावर अडून बसले तो मला फार आवडला. 'पृथ्वीचं काय होणार?' असं कोणी विचारलं नाही. 'किती वाजता, किती पाणी सोडलं आणि आम्हाला का सांगितलं नाही?' असं विचारलं. एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडी वाचवायला आणि नदीकाठची झाडं तोडू नयेत म्हणून जे हजारो पुणेकर चालले, त्यांचीही तीच तऱ्हा. कुठला बोगदा, कुठला रस्ता, कुठली झाडं, कोणाची सही.

माझ्या वयाचे निम्मे मित्र सध्या फ्लॅट शोधतायत. लोन वीस-पंचवीस वर्षांचं, म्हणजे बरोबर त्या १९७३ च्या प्रिंटआउटमधल्या तारखांपर्यंत. विकास आराखड्याच्या नकाशात सर्व्हे नंबर बघा आणि निळी-लाल रेषा कुठून जाते ते तपासा, हे काम अर्ध्या तासाचं आहे. नदीकाठच्या एका सेल्स ऑफिसमध्ये मी विचारून पाहिलं, की पार्किंग निळ्या रेषेच्या आत येतं का? टाय लावलेल्या मुलाने टॅबवर बराच वेळ काहीतरी शोधलं. मग म्हणाला, "सर, त्या विंगला रिव्हर व्ह्यूचे स्क्वेअर फुटाला दीडशे जास्त पडतील."