मिथिलीन ब्लू : सेवनाचे लाभ व धोके

मिथिलीन ब्लू : फिनोथायाझीन गटातील गडद निळा कृत्रिम रंग व औषध. औषधशास्त्रातील नाव मिथिलथायोनिनियम क्लोराइड. जर्मनीतील बी.ए.एस.एफ. कंपनीचे रसायनज्ञ हाइन्रिख कारो यांनी १८७६ मध्ये ते कापड रंगवण्यासाठी तयार केले. स्मरणशक्ती, उत्साह आणि दीर्घायुष्य यांसाठी त्याचे थेंब रोज पाण्यातून घेण्याची पद्धत अलीकडे अमेरिकेत पसरली आहे. समाजमाध्यमांमुळे ती भारतातही पोचली आहे. प्रस्तुत नोंद प्रामुख्याने या सेवनाविषयी आहे. कपड्यांना द्यायची नीळ आणि तोंड आल्यावर लावायचे जांभळे जेन्शन व्हायोलेट हे वेगळे पदार्थ आहेत. त्यांच्याशी गल्लत करू नये.

या रंगाचा मूळ स्वभाव दुधाच्या डेअरीत उत्तम दिसतो. कच्च्या दुधाची प्रत ठरवताना १० मि.लि. दुधात १ मि.लि. मिथिलीन ब्लूचे विरल द्रावण घालतात आणि नळी ३७° से. तापमानाच्या पाण्यात ठेवतात. दुधात जंतू जितके जास्त, तितका निळा रंग लवकर उडतो. पाच तास टिकला तर दूध फार चांगले, अर्ध्या तासाच्या आत उडाला तर निकृष्ट. रंग उडतो म्हणजे नाहीसा होत नाही. तो इलेक्ट्रॉन घेऊन ‘ल्यूको’ या रंगहीन रूपात जातो आणि ऑक्सिजन मिळताच ते देऊन टाकून पुन्हा निळा होतो. औषध म्हणून त्याचे जे गुण आहेत आणि जे दोष आहेत, त्यांतील बरेचसे या देवघेवीतूनच निघतात.

वैद्यकात हा रंग प्रथम सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर आला. रोबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचे जंतू दाखवले ते याच रंगाच्या साहाय्याने. आजही थुंकीच्या झील-नील्सन तपासणीत लाल जंतूंमागे जी निळी पार्श्वभूमी दिसते, ती मिथिलीन ब्लूची असते. हिवतापाच्या तपासणीसाठी भारतात विकसित झालेल्या जे.एस.बी. रंजकातही ते आहे. जो रंग परजीवीला चिकटतो तो त्याला मारूही शकेल, या विचाराने पाउल एर्लिख आणि पाउल गुटमान यांनी १८९१ मध्ये बर्लिन येथे हिवतापाच्या दोन रुग्णांना ते दिले आणि दोघेही बरे झाले. पूर्णतः कृत्रिम असे औषध माणसाच्या रोगावर वापरल्याचे हे सर्वांत आधीच्या उदाहरणांपैकी एक मानतात. क्विनीन अधिक गुणकारी असल्याने हा उपचार मागे पडला, पण फिनोथायाझीनांच्या याच कुळातून १९५० मध्ये मनोविकारांवरील क्लोरप्रोमाझीन आले.

आज त्याचा निर्विवाद उपयोग मेथहीमोग्लोबिनतेवर आहे. डॅप्सोनसारखी कुष्ठरोगावरील औषधे, अ‍ॅनिलीन, तसेच शेतात फुलोरा वाढवण्यासाठी फवारल्या जाणाऱ्या काही टॉनिकांतील नायट्रोबेन्झीन यांच्या विषबाधेत रक्तातील लोह बदलते. ते ऑक्सिजन वाहू शकत नाही. रक्त चॉकलेटी दिसते, ओठ व नखे काळीनिळी पडतात. अशा वेळी शरीराच्या दर किलोग्रॅम वजनाला १ ते २ मि.ग्रॅ. मिथिलीन ब्लू शिरेतून सावकाश देतात. पेशीतील एनएडीपीएचकडून इलेक्ट्रॉन घेऊन ते ल्यूको रूपात जाते आणि ते इलेक्ट्रॉन लोहाला देऊन त्याला पूर्ववत करते. तासाभरात रुग्णाचा वर्ण पालटतो. विष पोटात गेलेल्या शेतकऱ्याचा जीव वाचवणाऱ्या या औषधाची योग्यता कोणीही कमी लेखू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते उतारा म्हणून समाविष्ट आहे.

रोजच्या थेंबांचे समर्थक मात्र वेगळ्या कामाचा दाखला देतात. पेशीतील मायटोकाँड्रिया (तंतुकणिका) अन्नातून मिळालेले इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने ऑक्सिजनपर्यंत नेतात व त्यातून ऊर्जा निर्माण होते. ही साखळी कुठे अडखळली तर मिथिलीन ब्लू मधला टप्पा ओलांडून इलेक्ट्रॉन पुढे पोचवू शकते. कल्पना सयुक्तिक आहे आणि प्राण्यांवरील प्रयोगांत तिला आधारही मिळाला आहे. त्याच प्रयोगांनी आणखी एक गोष्ट दाखवली : अल्प मात्रेत जो पदार्थ मदत करतो, तोच मात्रा वाढली की उलट परिणाम करू लागतो.

माणसांवरील पुरावा तुटपुंजा आहे. टेक्ससमधील संशोधकांनी २०१६ मध्ये २६ निरोगी व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. २८० मि.ग्रॅ.च्या एकाच मात्रेनंतर स्मरणचाचणीतील बरोबर उत्तरे सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. एका दिवसातील एका चाचणीचा हा निष्कर्ष आहे. महिनोन्‌महिने थेंब घेणाऱ्याचे काय होते, हे त्यावरून कळत नाही. मोठी परीक्षा अल्झायमरच्या रुग्णांवर झाली. मेंदूत टाउ प्रथिनाच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ल्यूको रूपातील संयुग ८९१ रुग्णांवर पंधरा महिने तपासले. लघवी निळसर होत असल्याने कोणाला काय मिळाले हे ओळखू येऊ नये, म्हणून तुलनेच्या गटालाही दिवसातून दोनदा ४ मि.ग्रॅ. दिले होते. मोठ्या मात्रेच्या गटांची अवस्था या गटापेक्षा चांगली राहिली नाही. कर्करोग बरा होतो किंवा आयुष्य वाढते या दाव्यांना माणसांवरील चाचण्यांचा आधार नाही. कोविडच्या साथीत गुजरातेत, विशेषतः भावनगर येथे, हे द्रावण पिण्याची लाट आली होती. तो अनुभवही शास्त्रीय चाचणीची जागा घेऊ शकत नाही.

धोक्यांविषयीची माहिती याहून पक्की आहे. सर्वांत गंभीर धोका नैराश्यावरील गोळ्या घेणाऱ्यांना. मिथिलीन ब्लू हे मोनोअमाइन ऑक्सिडेज-ए या विकराला प्रबळपणे रोखते. त्यामुळे मेंदूतील सेरोटोनिनचे विघटन थांबते. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम यांसारखी औषधे आधीच सेरोटोनिन वाढवत असतात. दोन्ही एकत्र आली की कंप, ताप, घाम, स्नायूंचा ताठरपणा, भ्रम अशी लक्षणे येतात. त्याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात आणि त्यात मृत्यूही ओढवू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये याबाबत इशारा दिला. नियोजित उपचारापूर्वी अशी बहुतेक औषधे दोन आठवडे व फ्लुओक्सेटीन पाच आठवडे आधी बंद करावे, असे त्यात सांगितले होते. वेदनाशामक ट्रॅमाडॉल आणि खोकल्याच्या औषधातील डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांच्याबाबतही हाच धोका असतो. नोंदलेली बहुतेक प्रकरणे शिरेतून दिलेल्या मात्रेची आहेत, पण औषध तोंडावाटेही शोषले जाते. येथे एक दुःखद योगायोग दिसतो. मंदावलेली बुद्धी आणि ओसरलेला उत्साह यांवर उपाय शोधत या थेंबांकडे वळणाऱ्यांपैकी अनेकजण नैराश्याच्या गोळ्या आधीपासूनच घेत असण्याचा संभव मोठा आहे.

दुसरा धोका जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांना. वर सांगितलेले एनएडीपीएच तांबड्या पेशींना याच विकरामुळे मिळते. ते नसेल तर औषध काम करत नाही, शिवाय पेशी फुटून रक्तक्षय होतो. ही कमतरता बहुधा पुरुषांत आढळते आणि ती असणाऱ्याला एरवी काहीच जाणवत नाही. भारतात तिचे जे प्रमुख जनुकीय प्रकार आढळतात, त्यांपैकी एकाच्या नावात ठाणे जिल्ह्यातील कल्याण आहे. पारशी समाजात आणि काही आदिवासी जमातींत तिचे प्रमाण लक्षणीय आहे.

गर्भावस्थेत हे औषध टाळावे. पूर्वी जुळ्यांच्या गर्भजल तपासणीत ते गर्भपिशवीत टोचत असत. त्यातून बाळांच्या आतड्यात जन्मजात अडथळा निर्माण झाल्याचे आढळले. दर किलोग्रॅमला ७ मि.ग्रॅ.पेक्षा जास्त मात्रा गेली तर ज्यावर ते उतारा आहे तीच मेथहीमोग्लोबिनता उद्भवू शकते. लघवी हिरवी-निळी होते व जीभ रंगते, त्याने अपाय नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर मात्र काही काळ खोटा, कमी आकडा दाखवतो.

मात्रेचा हिशेबही सेवन करणाऱ्याला सहसा ठाऊक नसतो. एक टक्का द्रावणाच्या १ मि.लि. मध्ये १० मि.ग्रॅ. औषध असते आणि १ मि.लि. चे साधारण वीस थेंब होतात, म्हणजे एका थेंबात अर्धा मि.ग्रॅ. बाटलीवर टक्केवारी नसेल किंवा ती खोटी असेल, तर हा हिशेब कोसळतो. माशांच्या टाकीत बुरशीवर घालायचे व प्रयोगशाळेत काचा रंगवायचे मिथिलीन ब्लू दुकानात सहज मिळते. त्यात जड धातू व इतर अशुद्धी असू शकतात. ते पिऊ नये.

निरोगी माणसाने हे थेंब रोज घ्यावेत असे म्हणण्याजोगा पुरावा आज नाही. आधीच घेत असलेल्यांनी ते डॉक्टरांना, आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना, विचारण्याची वाट न पाहता सांगावे. नैराश्याची गोळी चालू असेल तर थेंब बंद करावेत. गोळी मनाने बंद करू नये.