गुटखाबंदी (महाराष्ट्र)
सुपारी, कात, चुना आणि तंबाखू यांच्या पुडीबंद मिश्रणाच्या उत्पादनावर व विक्रीवर राज्याने घातलेली मनाई. तिचा आधार तंबाखूविषयक कायदा नसून २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आहे. २०११ च्या नियमांनुसार अन्नपदार्थात तंबाखू वा निकोटिन चालत नाही. आणि गुटखा तोंडात टाकायचा, म्हणून तो अन्न ठरला! मध्य प्रदेशाने एप्रिल २०१२ मध्ये सुरुवात केली. महाराष्ट्राने जुलैत पानमसालाही बंदीत ओढला. आदेश वर्षापुरताच असल्याने तो पुनःपुन्हा काढावा लागतो.

पळवाटा लगेच निघाल्या. इतर राज्यांत पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसरीत. मिसळण्याचे काम गिऱ्हाइकाचे. जाहिरातीत पानमसाल्याच्याच ब्रँडची वेलची झळकते.

विदर्भातला खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचेच मिश्रण, मात्र पुडीबंद येत नाही; तो पानटपरीवर, प्लॅस्टिकच्या कागदात घोटला जातो.