विड्याचा मान

बंगळूर ही एके काळी शहाजीराजांची जहागीर. तेथील लग्नमांडवातून पाहुणा आजही तांबूलाची पिशवी घेतल्यावाचून निघत नाही. तीत नारळ, विड्याची पाने आणि सुपारी. दूर प्रशांत महासागरातील सामोआ बेटांवर सभेत प्रथम 'आवा' हे पेय फिरते, आणि ते कोणास आधी द्यावयाचे हे मानावरून ठरते. ज्याच्या मुळीपासून ते करतात, ते झुडूप आपल्या नागवेलीच्याच कुळातले!

कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्याने बाराव्या शतकात 'मानसोल्लासा'त तांबूलाची गणना राजभोगांत केली. अफझलखानाने विजापूरच्या दरबारी शिवाजीराजांविरुद्ध विडा उचलला, ही कथा १६५९ सालची.

पानाला दोष देता येत नाही. घात करते ती सुपारी. तिने गालाचे आतील अस्तर ताठरते, तोंड उघडेनासे होते. पोर्तुगीजांमागून आलेल्या तंबाखूवर सारे खापर फोडणे सोयीचे होते खरे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही कर्ककारक ठरविले. मंगलकार्यात मात्र तिचे स्थान अढळ आहे. गणपती म्हणून पाटावर मांडतात तीही सुपारीच.