साठ किलोमीटरवरचं निदान

१८२७ साली जालना शहरालगत हैदराबाद कंटिन्जंटसाठी लष्करी छावणी उभी राहिली. असईची लढाई होऊन तेव्हा चोवीस वर्षं लोटली होती, निजामाच्या मुलखात इंग्रजांची फौज आता कायमची मुक्कामाला होती. त्याच वर्षी लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट या डॉक्टराने आपल्या रुग्णांच्या टिपणांचा ग्रंथ छापला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण जालन्यातल्या मूत्रपिंडविकाराचा मागोवा घ्यायचा तर दोन्ही लागतात. एकीतून तपासणीची रीत आली आणि दुसरीमुळे ती तपासणी जाणणारे डॉक्टर निदान जिल्ह्याच्या वेशीपर्यंत पोचले.

ब्राइटकडे येणाऱ्या कित्येक रुग्णांच्या अंगावर सूज असे. त्या काळी सूज हाच रोग मानला जाई. ब्राइट अशा रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर धरी. काहींची लघवी तापवल्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी साकळत असे. पुढे तो रुग्ण दगावला की शवविच्छेदनात त्याची मूत्रपिंडं आकसलेली, खरबरीत, कडक झालेली सापडत. सूज, लघवीतून जाणारं प्रथिन आणि बिघडलेलं मूत्रपिंड या तिन्हींची सांगड त्याने घातली, आणि पुढची शंभरेक वर्षं हा आजार त्याच्याच नावाने ओळखला गेला.

जालन्याच्या खेड्यापाड्यांतही सूज लोकांच्या ओळखीची होती. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली फुगवटा, संध्याकाळपर्यंत पायांवर बोट दाबलं तर पडणारा खळगा, मग पोटात पाणी. पण हे सगळं ‘अंगावर सूज आली’ एवढ्यावर संपे. मूत्रपिंडाचे जे त्रास बोंब मारून स्वतःचा पत्ता सांगतात, त्यांनाच माणसं नावानिशी ओळखत. कंबरेतून जांघेत कळ आली, माणूस जमिनीवर गडाबडा लोळू लागला, की तो मुतखडा. चैत्र-वैशाखात लघवीला आग होऊन थेंब थेंब उतरू लागली की ‘उन्हाळी लागली’. वर्षानुवर्षं काहीही न दुखता मूत्रपिंड झिजवणारा आजार मात्र कुणाच्या खिजगणतीत नव्हता, कारण तो शेवटच्या टप्प्यापर्यंत गप्प असतो. दोन मूत्रपिंडांत शरीराच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त क्षमता असते, म्हणून तर एक दान करूनही माणूस धडधाकट जगतो. हीच सोय निदानाच्या आड येते.

मुतखड्यावरची विद्या मात्र जुनी आणि पुष्कळ पुढे गेलेली होती. सुश्रुतसंहितेत अश्मरीचे चार प्रकार दिले आहेत. औषधांनी गुण येईना तर खडा कापून काढण्याची रीत सांगितली आहे, आणि हे जिवावरचं काम असल्याने आधी राजाला कळवावं असंही बजावलं आहे. शस्त्रक्रियेची ती परंपरा गावच्या वैद्यापर्यंत काही पोचली नाही, औषधं तेवढी पोचली. शेताच्या बांधावर पायात मोडणारे सराटे म्हणजेच गोखरू, पावसाळ्यात उगवणारी पुनर्नवा, वायवर्ण्याची साल, आणि घरात असतातच ते हुलगे. हुलग्याचं कढण किंवा माडगं आजही मराठवाड्यात मुतखड्यावरचं पहिलं औषध आहे. निजामाच्या राज्यात यूनानी वैद्यकाला दरबारचा आश्रय होता, त्यामुळे इथल्या हकिमांच्या बटव्यात ‘हजरुल यहूद’ असे. दिसायला बोरासारखा हा दगड म्हणजे समुद्री जीवाच्या काट्याचा जीवाश्म. तो उगाळून खडा फोडण्यासाठी देत.

या उपचारांची कीर्ती टिकण्याला एक साधं कारण आहे. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपले आपणच पडून जातात, आणि श्रेय हुलग्यांना मिळतं. हुलग्यांनी बिघडत तर काहीच नाही. बिघडतं ते वाट पाहण्याने. खडा मूत्रनलिकेत अडकून राहिला तर मागचं मूत्रपिंड फुगत जातं, कळ थांबल्यामुळे माणूस निर्धास्त होतो आणि आत मूत्रपिंड निकामी होऊन जातं.

छावणीतल्या डॉक्टरांची विद्या पलटणींपुरती होती. जालन्याच्या सामान्य माणसाला नवं वैद्यक भेटलं ते अधिक करून मिशनमुळे. १८४३ साली ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री यांनी स्कॉटिश मिशनचं काम जालन्यात उभं केलं. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल ही वसाहत वसवली आणि मिशनने पुढे दवाखानाही चालवला. १९०० च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद रेल्वे जालन्यावरून धावू लागली. मूत्रपिंडाच्या गोष्टीत या रेल्वेचं महत्त्व दवाखान्याइतकंच आहे. नंतरच्या काळात मुंबई गाठायची तर रोगी याच गाडीने मनमाडला उतरत आणि तिथून मुंबईची गाडी पकडत.

दरम्यान युरोपात तपासणी चमच्यातून परीक्षानळीत गेली होती. १८८६ मध्ये माक्स याफे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने क्रिएटिनीन आणि पिक्रिक आम्ल यांच्या संयोगाने येणारा नारिंगी-तांबडा रंग दाखवून दिला. स्नायूंच्या रोजच्या कामात तयार होणारं क्रिएटिनीन मूत्रपिंड बाहेर टाकतं. ते रक्तात साचू लागलं, म्हणजे गाळण तुंबू लागली. याफेची ही रासायनिक क्रिया आजही असंख्य प्रयोगशाळांत वापरली जाते. तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजीच्या पावतीवर ‘सिरम क्रिएटिनीन’ लिहिलेलं असतं, त्यामागे हा सव्वाशेहून अधिक वर्षांचा रंग आहे. त्यातही एक मेख आहे. मूत्रपिंडाचं काम निम्म्यावर येईपर्यंत हा आकडा फारसा हलत नाही. म्हणून आता वय आणि लिंग लक्षात घेऊन गाळण्याचा वेग हिशोबाने काढतात, जोडीला लघवीतलं अल्ब्युमिन मोजतात, आणि बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकला तरच त्याला जुनाट मूत्रपिंडविकार म्हणतात.

जालन्यात प्रश्न विद्येचा कमी आणि अंतराचा जास्त होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. सगळा मराठवाडा त्याच्या रुग्णालयाला ‘घाटी’ म्हणतो. जालन्याहून घाटी सुमारे साठ किलोमीटर, आणि मंठा-परतूरकडच्या माणसाला त्याच्या दुपटीच्या आसपास. सूज उतरेना, उलट्या थांबेनात, धाप लागू लागली की मग गाडी करून घाटी. तोवर अंगाला खाज, तोंडाला चव नाही, रक्त कमी, रात्री चार-चारदा लघवीला उठणं ही सगळी लक्षणं घरच्यांनी वय झालं, उष्णता झाली, अशक्तपणा आला म्हणून निकालात काढलेली असत. लघवीला फेस येतो ही गोष्ट तर कुणी सांगतही नसे. जालना स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. तोपर्यंत तो औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होता, आणि परतूरकडचा मुलूख परभणीचा.

निदान झालं तरी पुढे काय? नेदरलँड्सच्या कांपेन गावात विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये, नाझींच्या अमलाखाली, सॉसेजसाठी वापरल्या जाणाऱ्या सेलोफेनच्या नळ्या फिरत्या पिंपावर गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड बनवलं. पहिले बहुतेक रुग्ण दगावले, १९४५ मध्ये एक वृद्ध बाई वाचली. १९५४ मध्ये बॉस्टनला जुळ्या भावांमध्ये मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालं. मुंबईच्या केईएम रुग्णालयाने १९६५ मध्ये तो प्रयत्न केला आणि १९७१ मध्ये वेल्लोरला यश आलं. भोकरदन किंवा घनसावंगीच्या शेतकऱ्याला या बातम्यांचा उपयोग शून्य होता. त्याच्यासाठी ‘किडनी फेल’ या शब्दांनंतर बोलण्यासारखं फार उरत नसे, किंवा मग जमिनीचा एखादा तुकडा विकून मुंबई.

या जिल्ह्याचं एक मोठं नाव या विषयाशी जोडलेलं आहे, पण ते लोकांना विंचवामुळे ठाऊक आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. कोकणात महाडच्या परिसरात त्यांनी विंचूदंशावर जे काम केलं ते १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. प्राझोसिन या औषधाने विंचूदंशाचे मृत्यू कसे रोखता येतात हे त्यांनी जगाला दाखवलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या मूत्रपिंडांवरच्या कामाची चर्चा त्या मानाने कमी होते. जालन्याच्या शेजारच्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यात तरणी माणसं मूत्रपिंड निकामी होऊन मरतात, याकडे त्यांनी लक्ष वेधलं. तिथल्या पाण्यातलं आणि रुग्णांच्या रक्तातलं शिसं आणि कॅडमियम तपासलं. २०१० साली ‘क्लिनिकल टॉक्सिकॉलॉजी’मध्ये त्यांचं याविषयीचं लेखन प्रसिद्ध झालं. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरी मूत्रपिंड गेलेलं, असा आजार एका नदीखोऱ्यातल्या गावांतून दिसत होता. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून वाहणाऱ्या त्या नदीचं नाव पूर्णा. जालन्यातून वाहते तीही पूर्णाच, पण ती वेगळी, गोदावरीला मिळणारी. नकाशे पाहणाऱ्याची गल्लत होऊ नये म्हणून एवढं सांगायचं.

अशा अनाकलनीय आजाराच्या कहाण्या जगभर आहेत. आंध्रच्या श्रीकाकुलम जिल्ह्यातलं उद्दानम त्यासाठी बदनाम आहे. एल साल्व्हाडोर आणि निकाराग्वात ऊसतोड मजुरांची मूत्रपिंडं ऐन तिशी-चाळिशीत जातात. भर उन्हात अंगमोड काम, पोटात पुरेसं पाणी नाही आणि ते रोजचंच, असा संशय तिथे सगळ्यात बळकट आहे. जालन्याच्या अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. फडावर संडास नसतो म्हणून बायका दिवसभर पाणी टाळतात, आणि सांधे दुखतात म्हणून टपरीवरच्या वेदनाशामक गोळ्या पुरुष-बायका सगळेच खातात. या गोळ्या तहानलेल्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. मध्य अमेरिकेत जे घडलं तेच इथे घडत असेल असं घाईने म्हणू नये. पण या टोळ्या कारखान्यावरून परतल्या की त्यांचं क्रिएटिनीन आणि लघवी तपासणं ही काही आभाळाला हात लावण्यासारखी गोष्ट नाही.

पाण्याचा विषय जालन्यात असाही टळत नाही. शहराची तहान भागवायला निजामाच्या काळात घाणेवाडीचा तलाव बांधला गेला. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यात जमिनीला भोकं पाडण्याची चढाओढ लागली. २०१२-१३ मध्ये तर जालना राज्यातल्या सर्वात होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. मोसंबीच्या बागा वाळल्या, गावं टँकरवर आली. ज्या घरात हंडा मोजून वापरतात तिथे डॉक्टराने दिवसाला तीन लिटर पाणी प्या म्हणून सांगणं हा विनोद होतो. लघवी घट्ट झाली की खडा धरायला वेळ लागत नाही.

एक आजार मात्र वेगळा मोजायला हवा. पेरणीच्या दिवसांत घोणस चावली तर तिच्या विषाने रक्त गोठेनासं होतं आणि दोन-तीन दिवसांत लघवी बंद पडते. हे मूत्रपिंड झिजून गेलेलं नसतं, एकाएकी थांबलेलं असतं. प्रतिविष लवकर मिळालं आणि काही आठवडे डायलिसिसने तग धरला तर ते पुष्कळदा पुन्हा चालू होतं. इथे साठ किलोमीटर म्हणजे सरळ जीव की मरण.

हे अंतर सरकारी कागदांवरही दिसतं. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत मराठवाड्यातून नांदेड होतं, जालना नव्हतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली तेव्हा जालन्याच्या रेशनकार्डावर डायलिसिस फुकट होऊ लागलं. तीच योजना २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालते. २०१६ मध्ये केंद्राने जिल्हा रुग्णालयांतून डायलिसिस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला. आता सुईसाठी हातात फिस्टुला केलेली माणसं जालन्याच्या एसटी स्टँडवर ओळखू येतात. उजव्या किंवा डाव्या मनगटाजवळचा भाग फुगलेला, हातात रिपोर्टची पिशवी.

आठवड्यातून दोन-तीनदा, दर खेपेला चार तास यंत्राला जोडून राहायचं. यंत्र जवळ आलं, पण मंठ्याहून सकाळची पहिली गाडी पकडून येणाऱ्याचा दिवस त्यातच जातो, सोबत येणाऱ्याची मजुरीही बुडते. ऊसतोडीची उचल घेतलेली असेल तर ती अंगावर राहते आणि कोयता घरातल्या दुसऱ्या कुणाला उचलावा लागतो.